प्रेस नसताना लिनोकट

प्रश्न : प्रेस (छापयंत्र) नाही, हातानेच लिनोकट, म्हणजे लिनोलियमच्या मऊ पाटीवर कोरलेलं चित्र, छापतो. काळ्या भागात पांढरे ठिपके राहतात, बारीक रेषा बुजतात. विकण्याजोगे ठसे कसे निघतील?
— एक वाचक, आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : रेषा बुजतात त्या शाईच्या जाड थराने. काचेवर रोलर फिरवून शाई पसरवा आणि ब्लॉकला (कोरलेल्या पाटीला) पातळ थर तीन-चारदा द्या. ठिपके बहुधा पाण्याच्या शाईमुळे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती ब्लॉकवरच वाळते. तेलाची शाईच घ्या. कागद पातळ, गुळगुळीत हवा; जाड कागदाला हाताचा दाब पुरत नाही. ब्लॉकवर कागद ठेवून स्टीलच्या चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे घासा. एक कोपरा उचलून बघा, फिकं असेल तिथं पुन्हा घासा, कागद मात्र सरकू देऊ नका. ठसे पूर्ण वाळल्यावर खाली पेन्सिलीने डावीकडे ३/१५ (एकूण १५ पैकी तिसरा ठसा) असा क्रमांक, उजवीकडे सही. १५ ठरवले की सोळावा छापायचा नाही, हे कटाक्षाने पाळा.