संभाजी उद्यानाजवळ ऑफिस घेताना

पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर, संभाजी उद्यानाच्या जवळ ऑफिससाठी भाड्याने जागा बघतोयस, छानच. पण रविवारी सकाळचा मोकळा रस्ता बघून भुलू नकोस. कामाच्या दिवशी संध्याकाळी सहाला जा आणि दुचाकी लावायला जागा मिळते का ते स्वतः बघ; तुझे ग्राहक त्याच वेळी येणार.

भाडं कार्पेट एरियावरच, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेवरच ठरव. एजंट बहुतेक बिल्ट-अपचा, म्हणजे भिंती धरून मोठा आकडा सांगतो, म्हणून टेप घेऊन भिंत ते भिंत मोज. 18 टक्के जीएसटी धरून हिशोब कर. लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायला देण्याचा करार, नोंदवायलाच हवा. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी मालकावर टाकली आहे. पहिल्याच वेळी लांबलचक लॉक-इन (ज्या काळात जागा सोडता येत नाही) अजिबात मान्य करू नकोस. आणि हो, वीजबिल मागून मीटर व्यापारी आहे ना ते बघ.