गाडी मुंब्र्याला पोचली

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

कळव्याच्या खोलीत खिडकीखालून गाडी गेली की अभ्यास उधळतो, असं लिहिलंस. 2022 मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली, म्हणजे तिथले रूळ वाढलेच. खोली बदलणं परवडत असेल तर बदल. नसेल तर हे करून बघ.

पुढची गाडी आली की पुस्तक मिटून नुसतं ऐक. आधी तावदानाची बारीक थरथर, मग भोंगा, मग डब्यांचा खडखडाट, मग तो मुंब्र्याच्या बाजूला विरत जातो. मोजलंस तर अर्धं मिनिटही भरायचं नाही. तुझं बिनसतं ते पुढच्या दहा मिनिटांत. ‘इथे काही होणं नाही, हाही प्रयत्न गेला, बाबांना काय सांगू?’ यातलं काहीच रुळांवर वाजलेलं नसतं. गाडी मुंब्र्याला पोचली तरी तू अजून तिच्यामागे धावतोयस.

तेव्हा तो विचारही गाडीसारखाच ऐकायचा. मनात हळूच म्हणायचं, ‘काळजी आली’, आणि लक्ष आपल्या श्वासाकडे आणायचं. हाकलायचं मात्र नाही. मी हाकलून पाहिलंय. ठाण्याच्या तलावपाळीवर, तळ्याकाठी, ‘एकही विचार येऊ देणार नाही’ असा चंग बांधून बसलो आणि अख्खा वेळ गॅस बंद केला का, यातच गेला. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने 1987 मध्ये लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका म्हणून बजावलं, तर ते अस्वल सारखं डोकावत राहिलं. माझं अस्वल म्हणजे शेगडी.

याला हल्ली माइंडफुलनेस म्हणतात. जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेत जुनाट दुखण्यांच्या रुग्णांना ते शिकवायला घेतलं. मूळ मात्र बुद्धाकडचं. तुझ्याच रुळांनी घाट चढून गेलास तर इगतपुरीला धम्मगिरीत विपश्यना शिकवतात. पण दहा दिवसांचं शिबिर परीक्षेनंतर बघू, आत्ता दिवसाला दहा मिनिटं पुरेत.

आवाज आवडून घ्यायची सक्ती नाही, बरं का. चिडचिड झाली तर ‘चिडचिड आली’ म्हण. रात्री कानात बोळे घालून झोप, त्यात कमीपणा नाही. आणि झोपच उडाली असेल तर आधी डॉक्टर, मग माझं पत्र.

रविवारी सकाळी सातला तलावपाळीवर ये. कौपिनेश्वराच्या बाजूला बसू. तिथे घंटा आहे, रिक्षा आहेत, कावळे आहेत. शांत कोपरा शोधू नकोस.

तुझा,
सर