लॉ फर्मच्या व्हिडिओ मुलाखतीची तयारी कशी करावी?

आपण कोल्हापुरात विधी शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहात, मुंबईच्या एका फर्मने पुढच्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर मुलाखत ठेवली आहे आणि काय वाचावे हे सुचत नाही, असे आपण लिहिले आहे. मी मुंबईतच एका फर्ममध्ये काम करतो आणि अलीकडे मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूलाही बसतो, म्हणून सांगतो.

सर्वांत आधी स्वतःचा सीव्ही वाचावा. ‘करारांचे मसुदे तयार केले’ असे त्यात असेल, तर कोणते कलम आपण स्वतः लिहिले, वरिष्ठांनी त्यातले काय खोडले आणि का, इथपर्यंत प्रश्न जातात. मात्र हे सांगताना अशिलाचे नाव किंवा प्रकरण ओळखू येईल असा तपशील तोंडातून जाऊ देऊ नये. उत्साहाच्या भरात कित्येक हुशार विद्यार्थी इथेच घसरतात, कारण गोपनीयता पाळता येते की नाही, हेही समोरचा त्याच वेळी पाहत असतो.

कायद्याचे प्रश्न सहसा साधे सुरू होतात. नोकरी सोडल्यावर दोन वर्षे प्रतिस्पर्धी कंपनीत काम करायचे नाही, ही अट टिकेल का, असे विचारले तर भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम २७ (कोणालाही कायदेशीर व्यवसाय-धंद्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत शून्य, म्हणजे कायद्याने निरर्थक, ठरवणारे) बहुतेकांना आठवते. क्रिकेटपटू झहीर खानच्या प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा निर्णयही काहींना आठवतो, ज्यात कराराची मुदत संपल्यानंतरही त्याला बांधून ठेवू पाहणारी अट न्यायालयाने या कलमाखाली शून्य ठरवली. खरा प्रश्न त्यानंतर येतो: मग आमच्या अशिलाने आपली गुपिते जपायची कशी? नोकरी चालू असतानाचे निर्बंध सर्वसाधारणपणे टिकतात आणि गोपनीयतेची अट वेगळी लिहिता येते, हे ज्याला सुचते त्याच्याशी बोलणे पुढे सरकते. म्हणून दहा विषय वरवर वाचण्यापेक्षा दोन-तीन विषय अशा उपप्रश्नांसह तयार करावेत.

उत्तरे वाचून दाखवू नयेत. माझ्या पहिल्या व्हिडिओ मुलाखतीत मी लॅपटॉपच्या मागे भिंतीवर मुद्द्यांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, तिसऱ्या प्रश्नाला समोरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, “भिंतीवरचे झाले असेल तर आता तुमचे मत सांगा.” ती नोकरी मला मिळाली नाही. त्याऐवजी एखाद्या मित्राला व्हिडिओ कॉलवर बसवून प्रश्न विचारायला लावावेत आणि ते रेकॉर्डिंग पाहावे. मुलाखत बहुधा इंग्रजीत होईल, तेव्हा हा सरावही इंग्रजीतच करावा. उच्चारांची चिंता नको, वाक्य पूर्ण होते की नाही एवढे पाहावे.

बाकी गोष्टी किरकोळ आहेत. उजेड चेहऱ्यावर असावा, वीज गेल्यास मोबाइलचा हॉटस्पॉट तयार असावा, अंगात साधा कोट पुरे (बँड आणि गाऊन न्यायालयासाठी) आणि त्या तासाभरात स्वयंपाकघरात कुकर लावू नये, हे घरी आदल्या रात्रीच सांगून ठेवावे.