आधी इथे राहून बघ

भुसावळ

बेटा,

अनेक आशीर्वाद. फुटबॉल ऑस्ट्रेलियाकडून खेळावं की भारताकडून, हे विचारणारा तुझा मेसेज लांबलचक होता, फोनवर धड उत्तर झालं नसतं, म्हणून लिहायला बसलो. मराठी वाचताना अडलास तर पप्पांकडून वाचून घे. मधला एक परिच्छेद त्यांना आवडणार नाही. तेवढा ते गाळणार नाहीत याकडे लक्ष ठेव.

ऑस्ट्रेलियाच्या अंडर-२० कॅम्पचं बोलावणं आलंय, तर जा. यात विचार करण्यासारखं काही नाही. कॅम्पला गेल्याने, फ्रेंडली म्हणजे स्पर्धेबाहेरचा सामना खेळल्याने, अगदी अंडर-२० च्या आशियाई स्पर्धेत उतरल्यानेही भारताचं दार तुला बंद होत नाही. अट एवढीच की तिकडच्या संघाकडून असा शेवटचा अधिकृत सामना एकविसावं पूर्ण होण्याआधी झालेला असावा. दार बंद होतं ते सिनियर संघाच्या अधिकृत सामन्यात. वर्ल्ड कपचा क्वालिफायर असो की एशियन कपचा, शेवटच्या पाच मिनिटांसाठी उतरलास तरी झालं.

मुनीर अल हद्दादीचं प्रकरण पप्पांना आठवत असेल. बार्सिलोनाचा फॉरवर्ड. २०१४ मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, स्पेनकडून मॅसिडोनियाविरुद्ध युरोच्या क्वालिफायरमध्ये तेरा मिनिटं खेळला. पुढे स्पेनने विचारलं नाही. मोरोक्कोकडून २०१८ चा वर्ल्ड कप खेळू द्या म्हणाला, तर क्रीडा लवादानेही नकार दिला. २०२० मध्ये फिफाने नियम सैल केला, तेव्हा कुठे २०२१ ला तो मोरोक्कोच्या जर्सीत दिसला.

तुला कोणीतरी सांगणारच की आता तीन सामन्यांपर्यंत चालतं. चालतं, पण कोणाला? ज्याच्याकडे पहिल्या अधिकृत सामन्याच्या वेळी दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आधीच होतं, त्याला. मुनीरकडे मोरोक्कोचं होतं. तुझ्याकडे भारताचं नाही. ओसीआय कार्डावर, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या कार्डावर, तू इथे हवा तेवढा राहू शकतोस, पण त्याने नागरिक होत नाहीस. आणि २००८ पासून सरकारचं धोरण स्पष्ट आहे: भारतीय पासपोर्ट असेल तरच भारताकडून खेळायचं. दोन पासपोर्ट आपल्याकडे चालत नाहीत. म्हणजे हा घ्यायचा तर तो सोडायचा.

शेजारच्या बांगलादेशात तसं नाही. हमझा चौधरी इंग्लंडमध्ये जन्मला, लेस्टरकडून खेळला, इंग्लंडच्या अंडर-२१ संघातही होता. ब्रिटिश नागरिकत्व न सोडता तो बांगलादेशचा झाला, आणि २५ मार्च २०२५ ला शिलाँगमध्ये पहिला सामना खेळला तो आपल्याचविरुद्ध. ०-० सुटला. त्याच वर्षी नोव्हेंबरात ढाक्याला आपण १-० हरलो. आपलाही नियम बदलावा अशी चर्चा तेव्हापासून जोरात आहे. मी म्हणतो, बदलला तर चांगलंच, पण त्या आशेवर तू आपलं वय खर्च करू नकोस.

आज कायदा काय म्हणतो ते बघ. अठरा पूर्ण हवेत. आई किंवा वडील पूर्वी भारताचे नागरिक असतील, किंवा ओसीआय कार्डाला पाच वर्षं झाली असतील, तर अर्ज करता येतो. पण दोन्ही वाटांनी अर्जाच्या आधीचे बारा महिने इथे राहावं लागतं. खास कारण असेल तर फार तर तीस दिवसांची गैरहजेरी माफ होते. बाकी पप्पांना जो फॉर्म-बिर्म भरायची घाई झालीय, ते सगळं या बारा महिन्यांनंतरचं.

म्हणून माझा तुला प्रश्न एकच. वर्षभर इथे राहशील का? डिसेंबरात तीन आठवडे अमळनेरला आजीकडे भरीत आणि कळण्याची भाकरी खाणं, संध्याकाळी रेल्वेच्या मैदानावर आपल्या पोरांसोबत खेळणं, याला राहणं म्हणत नाहीत. राहणं म्हणजे कोलकाता, गोवा, बंगळुरू, जिथे क्लब मिळेल तिथे. घामाने जर्सी पिळावी लागेल अशा दमट हवेत रोजचा सराव. ड्रेसिंग रूममध्ये तुला न कळणाऱ्या चार भाषा. आणि लीगचाच भरवसा नाही: जुलै २०२५ मध्ये आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, पुढचा हंगाम लांबणीवर टाकला, तेव्हा खेळाडू कितीतरी महिने अधांतरी होते. त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्ये फिफाने आपल्या फेडरेशनलाच काही दिवस निलंबित केलं होतं. हे सगळं सोसून ज्याला इथलं फुटबॉल आपलं वाटेल, त्याने यावं.

जे आले ते असेच आले. इझुमी अराता जपानमध्ये जन्मलेला, वडील गुजराती. २००६ मध्ये तो कोलकात्याला खेळायला आला, मग मुंबईत, मग पुणे एफसीत. इतकी वर्षं इथे काढल्यावर जपानचं नागरिकत्व सोडलं आणि २०१३ मध्ये भारताकडून खेळला. रायन विल्यम्स तुमच्या पर्थचा. आई मुंबईची अँग्लो-इंडियन. (आपल्या भुसावळच्या रेल्वे कॉलनीतलीही कितीतरी अँग्लो-इंडियन घरं तुमच्याकडे गेली, तो विषय वेगळा.) तो २०२३ मध्ये बंगळुरूला आला, दोन वर्षं खेळला, आणि २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून भारताचा घेतला. २०१९ मध्ये तो ऑस्ट्रेलियाच्या सिनियर संघाकडून एक सामना खेळला होता, पण ती फ्रेंडली होती, म्हणून निभावलं. दोघांनीही आधी इथे घर केलं, जर्सी मागून आली.

आता पप्पांचा परिच्छेद. तुझे पप्पा माझ्या हाताखाली राइट विंगला खेळले. वेग भरपूर, क्रॉस मात्र नेहमी गोलच्या मागे. तुला निळ्या जर्सीत बघायचं त्यांच्या मनात किती आहे ते मला माहीत आहे, फोनवर आवाज बदलतो त्यांचा. पण स्वतःचा भारतीय पासपोर्ट त्यांनी विचार करूनच जमा केला होता. पोटापाण्याचा, तुझ्या शिक्षणाचा हिशेब करून. तो निर्णय बरोबर होता. त्याची टोचणी असेल तर ती त्यांनी आपली आपण सोसावी, तुझ्या पासपोर्टने ती फेडायची नाही. आजीचं बरं आहे. तिला विचारलं तर म्हणाली, "कोठे बी खेय, पन घर ये."

राहिला नऊ नंबरचा, म्हणजे स्ट्रायकरच्या जागेचा मुद्दा, आणि माझ्या मते हाच सगळ्यात मोठा. फोलारिन बालोगन न्यूयॉर्कमध्ये जन्मला, लंडनमध्ये वाढला, नायजेरियाकडूनही खेळू शकला असता. इंग्लंडच्या अंडर-२१ संघात होता. फ्रान्समध्ये एका हंगामात २१ गोल मारल्यावर २०२३ मध्ये त्याने अमेरिका निवडली. इंग्लंडकडे हॅरी केन होता, अमेरिकेकडे ती जागा मोकळी होती. महिन्याभरात नेशन्स लीगच्या फायनलमध्ये गोलही मारला. स्ट्रायकरने असंच बघावं. डिफेंडर चार खेळतात, स्ट्रायकर बहुधा एकच.

भारतात ती जागा मोकळी आहे का? आहे. आपला स्ट्रायकर सुनील छेत्री जून २०२४ मध्ये भारताच्या संघातून निवृत्त झाला, आणि मार्च २०२५ मध्ये चाळिशीच्या त्या माणसाला परत बोलवावं लागलं, यावरूनच समज. आपले क्लब वर्षानुवर्षं पुढे परदेशी माणूस उभा करतात, इथल्या पोरांना विंगवर सरकवतात. भारतीय पासपोर्टवाला खरा नऊ नंबर मिळाला तर क्लब रांग लावतील. पण मी तुझा खेळ पाहिलाय. तू गोलसमोरच्या बॉक्समधला प्राणी आहेस. पहिल्या खांबाकडे धाव, एक टच, गोल. पाठीवर सेंटर-बॅक, म्हणजे मधला डिफेंडर, घेऊन लांबून आलेला चेंडू थोपवणं तुला अजून जमत नाही, आणि भारताकडून खेळताना नव्वदपैकी साठ मिनिटं तेच करावं लागेल. बॉक्समध्ये चेंडू मोजून दोनदा येईल. ते शिकून घे, कुठल्याही देशाकडून खेळलास तरी उपयोगी पडेल.

अजून एक अडचण कोणी सांगितली नसेल. पासपोर्ट मिळेपर्यंत क्लबच्या कागदावर तू परदेशीच. मैदानावरच्या मोजक्या परदेशी जागांपैकी एक अठरा वर्षांच्या पोरावर कोण खर्च करेल? इथे ये म्हणून तुला फोन करणाऱ्या माणसाला हे नेमकं विचार, आणि उत्तर लेखी माग.

म्हणून आत्ता बॅगा भरू नकोस. तिथेच खेळ, सिनियर लीगमध्ये गोल मार. ऑक्टोबर ते जानेवारी तुमचा हंगाम बंद असतो, तेव्हा इथल्या एखाद्या क्लबकडे सरावाला ये. नातेवाइकांच्या घरी नाही, खेळाडूंच्या खोलीत राहा. मन रमलं तर तेविसाव्या-चोविसाव्या वर्षीही उशीर होत नाही, रायन तर तिशीच्या आसपास भारतीय झाला. आणि त्याआधी ऑस्ट्रेलियाच्या सिनियर संघाने क्वालिफायरला बोलावलं तर? तर जा, बेटा. २००६ पासून एकही वर्ल्ड कप न चुकवलेला संघ आहे तो. पप्पांची समजूत मी काढीन. हवं तर त्यांना सांगेन की मेलबर्नमध्येच १९५६ च्या ऑलिम्पिकला नेव्हिल डिसूझाने तीन गोल मारून ऑस्ट्रेलियाला ४-२ असं घरी पाठवलं होतं, म्हणजे हिशेब आपण आधीच चुकता केलाय.

ओसीआय कार्डावरची तारीख बघून कळव, पाच वर्षं तिथपासून मोजायची आहेत. आणि कॅम्पला होकार आजच पाठव. ते लोक शुक्रवारपर्यंतच थांबणार म्हणालास.

तुझे
कोच काका