डेबियनमध्ये जावा लायब्ररीची जार कुठे ठेवायची आणि नाव काय द्यायचं?

तुम्ही विचारलंय, की महापेच्या ऑफिसातल्या सर्व्हरसाठी डेब पॅकेज (डेबियन या लिनक्स प्रणालीत सॉफ्टवेअर बसवायची फाइल) करताना जार, म्हणजे जावाचा तयार कोड एकत्र बांधलेली फाइल, थेट '/ऑप्ट'मध्ये टाकली तर चालेल का. चालेल, पण मग दुसऱ्या पॅकेजांना ती सापडणार नाही. लायब्ररी इतरांनी वापरायची असेल तर डेबियनचा जावा नियम पाळाच.

पॅकेजचं नाव 'लिब'ने सुरू होतं आणि '-जावा'ने संपतं. जारची जागा '/यूएसआर/शेअर/जावा', कारण तिच्यातला बाइटकोड (जावाचा कंपाइल केलेला कोड) कुठल्याही प्रोसेसरवर तोच चालतो. डेबियन १२ मधलं 'लिबकॉमन्स-लँग३-जावा' बघा: तिथे 'कॉमन्स-लँग३-३.१२.०.जार' आणि शेजारी आवृत्तीशिवायचं 'कॉमन्स-लँग३.जार' अशी एकाच फाइलची दोन नावं असतात; त्यातलं एक म्हणजे सिमलिंक, दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारं नुसतं नाव. क्लासपाथमध्ये (जावा जार कुठे शोधतो ती यादी) कायम आवृत्तीशिवायचं नावच द्या. आवृत्तीचं नाव लिहून ठेवलंत, तर पुढच्या अपग्रेडला अ‍ॅप्लिकेशन उठणारच नाही आणि ऐरोली-ठाणे लोकलमध्ये उभ्यानं फोनवर लॉग वाचावे लागतील.

पॅकेजच्या नावात मात्र आवृत्तीचा आकडा गरजेपुरताच. इथला '३' आहे तो याच लायब्ररीच्या जुन्या 'कॉमन्स-लँग'शी गल्लत होऊ नये म्हणून.

जेएनआयची (जावातून सी-सारख्या भाषेतला कोड वापरायची सोय) '.एसओ' फाइल, म्हणजे थेट प्रोसेसरसाठी कंपाइल केलेली लायब्ररी असेल तर वेगळं '-जेएनआय' पॅकेज करा. ती प्रोसेसरनुसार बदलते, म्हणून '/यूएसआर/लिब'खालच्या 'जेएनआय' फोल्डरमध्ये जाते.

फक्त तुमच्याच प्रोग्रामला लागणारी जार असेल, तर 'शेअर'मध्ये पॅकेजच्या नावाचा फोल्डर करून तिथे ठेवा.

फेडोरा या दुसऱ्या लिनक्स प्रणालीत '/यूएसआर/शेअर/जावा' हीच जागा, फक्त नावाला 'लिब' लावत नाहीत.