लातूरची जुनी रेल्वे पायी फिरून पाहायची असेल तर

मुलीला रेल्वेचं वेड आहे, एक रविवार लातुरात काढायचा आहे, तर स्टेशनच्या आसपास पायी फिरून जुनं काय दाखवता येईल, असं तुम्ही विचारलंय. माझं पहिलं सांगणं म्हणजे आत्ताच्या स्टेशनपासून सुरुवात करू नका. ते ब्रॉडगेजचं, म्हणजे रुंद रुळांच्या मोठ्या गाडीचं, गावाच्या कडेचं. जुनी नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची छोटी गाडी, थेट गावात यायची आणि तिची वाट गावातच शोधावी लागते.

ही आपली बार्शी लाईट रेल्वे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अडीच फुटी लाईन सुरू केली. इंजिन असो की डबा, चाकांच्या कुठल्याही जोडीवर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, हा त्याचा हिशेब. त्यामुळे हलक्या, स्वस्त रुळांवरूनही भरपूर माल नेता यायचा. 1911 मध्ये लाईन लातूरला पोचली. मुलूख निजामाचा, गाडी मात्र विलायतेच्या खासगी कंपनीची, आणि ती तशी राहिली थेट 1954 पर्यंत.

सकाळी गंजगोलाईत जा. सोळा रस्ते जिथं मिळतात तो बाजार आधी मुलीला दाखवा, कारण इथला माल बाहेर न्यायला हीच गाडी होती. कुर्डुवाडीला तो उतरवून पुन्हा मोठ्या गाडीत भरावा लागे, हमालांच्या पाठीवरून. मग सिग्नल कॅम्प या भागाकडे चला आणि दवाखान्यांच्या पाट्या वाचत जा. पत्त्यात ‘जुनी रेल्वे लाईन’ असं लिहिलेलं दिसेल. रूळ जाऊन वर्षं झाली, पत्ता राहिला. रेल्वेच्या वाटेची खूण मुलीला आधीच सांगून ठेवा: ती काटकोनात वळत नाही, लांबट वळण घेते आणि चढ अगदी हळूहळू चढते. एकदा नजर बसली की कुठल्याही गावातली उखडलेली लाईन ओळखता येते.

वाटेत चहाला थांबाल तिथं सत्तरीच्या पुढच्या कुणालाही ‘काका, फलाट कुठं होता?’ एवढंच विचारा. निवृत्त गँगमन (रूळ दुरुस्त करणारे) किंवा पॉइंट्समन (गाडीचे रूळ बदलून देणारे) भेटले तर परवानगी घेऊन त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करा. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. इमारतींचे फोटो पुष्कळांनी काढलेत, या माणसांना मात्र फारसं कुणी विचारत नाही.

दुपारी रिक्षानं नव्या स्टेशनवर जा. 2016 च्या दुष्काळात, एप्रिलमध्ये, मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे इथं आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मिरज-कुर्डुवाडी-लातूर हा तिचा मार्ग म्हणजे बार्शी लाईटचाच मार्ग, फक्त मधे धाराशिवचं वळण वाढलेलं. जुनी लाईन येडशीहून धाराशिवला न जाता बार्शीकडे जायची. 2007-08 मध्ये नॅरोगेजचं ब्रॉडगेज करताना ती धाराशिववरून वळवली.

फलाटाचं तिकीट काढा आणि चालू रुळांवर अजिबात उतरू नका. रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली तो गुन्हा आहे. आणखी एक दिवस काढता आला तर येडशी-रामलिंगला जा. आसपास अभयारण्य आहे, तेव्हा आडवाटेला शिरण्याआधी वनखात्याच्या माणसांना विचारा.