उन्हाळा सरला, तरी गाय का उलटते?

प्रश्न : माझ्या गोठ्यात होल्स्टिन फ्रिजियन आणि गीर अशा दोन्ही जातींच्या गायी आहेत. उन्हाळ्यात होल्स्टिन गायींचा माज (गर्भधारणेस तयार असल्याची लक्षणे) दिसत नाही आणि ऊन ओसरल्यावर रेतन केले तरी त्या दीड-दोन महिने उलटत राहतात, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येतात. गीर गायींना हा त्रास फारसा होत नाही. हा संप्रेरकांचा दोष आहे का? इंजेक्शन देऊन तो दूर होईल का?

उत्तर : दोष संप्रेरकांत दिसतो, पण त्याचे मूळ गायीच्या शरीरात साठणाऱ्या उष्णतेत आहे. गायीचे तापमान साधारण ३८.५ अंश सेल्सिअस असते. ते ३९ च्या वर टिकून राहिले की चारा खाणे घटते, कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढते आणि मेंदूकडून बीजकोषाला मिळणारे एल.एच. या संप्रेरकाचे स्पंद मंदावतात. परिणामी, बीजकोषातील प्रमुख पुटक (स्त्रीबीज ज्यात वाढते ती द्रवाची पिशवी) पुरेसे इस्ट्रोजेन हे संप्रेरक तयार करू शकत नाही, आणि माजाची सारी लक्षणे तर इस्ट्रोजेनवरच अवलंबून असतात. दुसरी गाय अंगावर चढली असता स्थिर उभे राहणे, हंबरणे, शेपटीला लागलेला काचेसारखा सोट (योनीतून येणारा चिकट स्राव) यांपैकी काही दिसलेच, तर ते पहाटे किंवा रात्री थोडा वेळ दिसते. यालाच आपण मुका माज म्हणतो. दुपारी गोठ्यात फेरी मारून ‘माज नाही’ असा निष्कर्ष काढणे म्हणूनच गायीवर अन्याय करणारे आहे.

ऊन ओसरल्यावरही गायी का उलटतात, हा आपल्या प्रश्नाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. आज सुटणाऱ्या स्त्रीबीजाचे पुटक कित्येक आठवडे आधीपासून वाढत असते. त्या काळात त्याला उष्णतेची झळ बसली असेल, तर हवा थंड झाल्यावरही बीज कमकुवतच राहते. २१ दिवसांची दोन-तीन माजचक्रे उलटून ही सदोष पुटके संपली, की गाय पुन्हा फळू लागते. आपण पाहिलेले दीड-दोन महिने ते हेच. एवढ्यावरून तिला वांझ ठरवून विकू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

जातींतील फरकही खरा आहे. गीरसारख्या वशिंडाच्या गायींची केसाळी आखूड व तुळतुळीत असते, घामाच्या ग्रंथी अधिक कार्यक्षम असतात आणि दूध कमी असल्याने शरीरात उष्णताही कमी निर्माण होते. शिवाय त्यांचे भ्रूण पेशीच्या पातळीवरच उष्णता अधिक सोसतात. याउलट भरपूर दूध देणारी होल्स्टिन गाय भरपूर खाते, तिच्या यकृतातून रक्त वेगाने वाहते आणि इस्ट्रोजेन व गर्भ टिकवणारे प्रोजेस्टेरॉन ही दोन्ही संप्रेरके लवकर निचरून जातात. म्हणजे गारव्यातही तिची संप्रेरके काठावरच असतात आणि उन्हाळा त्यांना खाली ढकलतो.

इंजेक्शनबाबत सांगायचे, तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने गायींचा माज एकाच वेळी आणून ठरलेल्या वेळी रेतन करता येते व मुक्या माजाची अडचण टळते. पण तापलेले बीज त्याने सुधारत नाही. म्हणून आधी सावली, वारा खेळता ठेवणे, अंगावर पाण्याचे फवारे मारून लगेच पंखा सुरू करणे आणि सतत स्वच्छ पाणी यांची सोय करावी. दमट हवेत मात्र वाऱ्याविना फवारा मारल्यास गोठ्यातील दमटपणाच वाढतो. रेतनानंतरचे पहिले दोन-तीन दिवस भ्रूण फारच नाजूक असतो, त्यामुळे रेतन झालेल्या गायीला निदान तेवढे दिवस तरी गोठ्यातील सर्वांत थंड जागी बांधावे.